काल्याचा घास

(औंध येथे अखंड हरिनाम सप्ताहाच्या सांगतेला झालेले काल्याचे कीर्तन. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले.)

बसून घ्या. मागं उन्हात उभे आहेत त्यांना आत घ्या. जरा सरका, मांडी लहान करा. काल्याचं कीर्तन आहे, आज कुणी बाहेर राहायचं नाही.

सात दिवस झाले. सात दिवस वीणा खाली टेकली नाही. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी भजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. रात्री दोन ते चारचा पहारा ज्या पोरांनी केला, ती आत्ता मृदंगाच्या मागं डुलक्या घेताहेत. घेऊ द्या, त्यांची झोप देवाकडं उधार आहे. आणि ज्या माउल्यांनी घरोघर भाकरी थापून पाट्या भरभरून मंडपात पोचवल्या, त्यांच्या बोटांचे चटके मला इथनं दिसत नाहीत. पण भाकरी खाल्ली आहे, त्यावरनं कळतात.

आज सकाळी मंडळी चहाला बसली होती. एक कार्यकर्ता मला म्हणाला, "महाराज, सप्ता निर्विघ्न पार पडला. सगळं देवानं करून घेतलं." मी म्हटलं, वा! बोलणं सोन्यासारखं. तेवढ्यात शेजारचा म्हणाला, "ते खरं, पण यंदा बोर्डावर माझा फोटो खालच्या रांगेत टाकला." (हशा)

हसू नका. तो एकटा नाही, आपण सगळेच तसे. पुढच्या दारानं श्रेय देवाला द्यायचं आणि मागच्या दारानं परत घरात आणायचं. म्हणून आज काल्याच्या निमित्तानं एवढाच विचार करू. काम तडीला गेलं की श्रेय देवाला द्यावं म्हणतात. ते द्यायचं कसं? नुसतं तोंडानं म्हणून भागतं का? आणि ते देऊन टाकलं, तर आपण जे राबलो त्याचं काय?

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!

आधी देवांची फजिती ऐका, माणसांची मग सांगतो. केनोपनिषदात कथा आहे. देव आणि असुर यांचं युद्ध झालं, देव जिंकले. जिंकले ते परब्रह्माच्या बळावर. पण विजय झाल्यावर देवांची सभा भरली आणि जो तो म्हणायला लागला, हा विजय आमचा, हा पराक्रम आमचा. परब्रह्मानं ते ओळखलं आणि यक्षाचं रूप घेऊन पुढं येऊन उभं राहिलं. देवांना कळेना, हे कोण?

अग्नीला पाठवलं. यक्षानं विचारलं, तू कोण? म्हणाला, मी अग्नी. तुझ्यात बळ काय? म्हणाला, पृथ्वीवर जे जे आहे ते जाळीन. यक्षानं काय केलं? एक गवताची काडी पुढं ठेवली. म्हणाला, एवढी जाळ. अग्नीनं सगळा जोर लावला. काडी जळेना. खाली मान घालून परत आला. मग वारा गेला. म्हणाला, पृथ्वीवरचं सगळं उडवून नेईन. तीच काडी. हलेना. शेवटी इंद्र निघाला, तर यक्षच दिसेनासा झाला. आणि त्याच आकाशात इंद्राला कोण दिसलं? उमा. हिमवंताची लेक. तिनं सांगितलं, बाबा, ते ब्रह्म होतं. विजय त्याचा, आणि मिरवताय तुम्ही.

माय-बाप, हे कुणी सांगितलं ते ध्यानात घ्या. आईनं सांगितलं. लेकराच्या अंगात वारं शिरलं की कान धरून जमिनीवर आणायचं काम आईचंच. ती आई इथं डोंगरावर बसली आहे. आपल्याकडं सांगतात, पार्वतीमाता सीतेचं रूप घेऊन रामरायाची परीक्षा बघायला आली, आणि रामानं ओळखून हाक मारली, "ये माई!" तीच यमाई. जिनं इंद्राला सांगितलं, ती तुमच्या गावात राहते. पायऱ्या चढून वर जाताना प्रत्येकानं मनात एक काडी घेऊन जावं. आई, ही काडी मला उचलता येते का, तेवढं सांग.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, हे देवांचं झालं. आम्ही शेतकरी माणसं. सगळं देवानंच केलं तर आम्ही उन्हात काय केलं? एका गावी कॉलेजात जाणाऱ्या मुलानं मला हेच विचारलं होतं. "महाराज, माझ्या बापाची पाठ वाकली आणि श्रेय देवाला?" प्रश्न चांगला आहे. असं विचारणारा पोरगा बापाला विसरलेला नाही.

याचं उत्तर भगवंतांनी गीतेच्या अठराव्या अध्यायात दिलं आहे. कुठलंही काम घडतं त्याला कारणं पाच. अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवं दैव. आपल्या शिवारात आणून बघू. तुमचा शाळू नुकताच निघाला. अधिष्ठान म्हणजे काळं रान, ते तुम्ही केलेलं नाही. कर्ता तुम्ही. करण म्हणजे पाभर, बैल, आता ट्रॅक्टर. क्रिया म्हणजे नांगरट, पेरणी, खुरपणी, राखण. आणि पाचवं दैव, ते खटाव-माणच्या माणसाला मी काय सांगू? परतीचा पाऊस आला तर शाळू, नाही आला तर कडबासुद्धा नाही. पाच वाट्यांत कर्ता एक वाटा. देव तुमचा वाटा बुडवत नाही, माय-बाप. पण एक वाटा घातलेल्या माणसानं पाचही वाटे उचलून घरी न्यायचे नाहीत.

गोवर्धन उचलला तेव्हा काय झालं? देवाची करंगळी वर, आणि खाली गोपाळांनी आपापल्या काठ्या लावल्या. देव म्हणाला का, काढा रे काठ्या, तुमचा काय उपयोग? नाही म्हणाला. लावू दिल्या. लेकराला बापाच्या ओझ्याला हात लावावासा वाटतो, बाप लावू देतो. काठी खरी, जोर खरा, घामही खरा. डोंगर मात्र करंगळीवर आहे, एवढं कळलं की झालं.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. मळणी झाली, वारा दिला, रास पडली, की आधी राशीची पूजा. आणि मापायला बसले की पहिलं माप टाकताना "एक" म्हणत नसत. काय म्हणत? (श्रोते : लाभ!) लाभ! मग दोन, मग तीन. लाभ म्हणजे मिळालेलं. मोजणीची सुरुवात 'मी पिकवलं' अशी नाही, 'मिळालं' अशी. आणि धान्य घरी जायच्या आधी खळ्यावरच सुताराचं, लोहाराचं, चांभाराचं, कुंभाराचं बलुतं निघायचं. बघा, देवाचं नाव घेतल्याबरोबर माणसं आठवायची. पाभर कुणी सांधली, फाळ कुणी शेवटला, मोट कुणी शिवली. देवाला श्रेय देण्याची खरी खूण ही. ज्यानं मनापासून दिलं, त्याला बाकीची सगळी माणसं दिसायला लागतात. आणि ज्यानं नुसतं तोंडानं दिलं, त्याला आपला फोटो तेवढा दिसतो.

काल पारायण संपलं. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. नेवाशाला माउलींनी नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ पुरा केला. वय कोवळं. एवढं काम संपल्यावर माणूस काय मागतो? माउलींनी कर्तेपण निवृत्तिनाथांच्या पायांवर ठेवलं. लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचा उल्लेख ग्रंथात केला. आणि पसायदान मागितलं, त्यात स्वतःसाठी काही नाही. दुष्टांचं भलं मागितलं, सगळ्या जिवांचं मागितलं. काम संपल्याचा उत्सव माउलींनी असा केला.

श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

आता तुमच्याच गावची गोष्ट सांगतो. औंधात बसून औंधची गोष्ट सांगायची म्हणजे माहेरवाशिणीला माहेरचं वर्णन सांगण्यासारखं आहे, पण पोरांना ठाऊक नसेल. तुमचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, बाळासाहेब महाराज. चित्रकार, सूर्यनमस्कारांचे भक्त, आणि आम्हाला जवळचे अशासाठी की स्वतः कीर्तन करीत. राजा असून कीर्तनाला उभा राहणारा माणूस. त्यांच्या मनानं घेतलं की महाभारताची शुद्ध, सचित्र प्रत व्हावी. 1918 साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडं त्यांनी ही इच्छा मांडली आणि एक लाख रुपये देऊ केले. त्या काळचे लाख, आणि औंधसारखं लहान संस्थान.

1919 साली 1 एप्रिलला काम सुरू झालं. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेव्हा 81 वर्षांचे. त्यांनी आपल्या हातानं नारायणाच्या नमनाचा मंगलश्लोक लिहिला आणि कामाला हात घातला. आरंभच नमनानं. काम कसलं? देशभरातल्या पोथ्या गोळा करायच्या. शारदा लिपीतल्या काश्मीरच्या, बंगालच्या, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम लिपीतल्या. काही कागदावरच्या, काही ताडपत्रावरच्या. एक श्लोक घ्यायचा आणि प्रत्येक पोथीत तो कसा आहे, अक्षर अन् अक्षर ताडून त्याखाली लिहायचं. असे सुमारे 89 हजार श्लोक, आणि 1259 हस्तलिखितं. पुण्यात काम चाले, शांतिनिकेतनात चाले, तंजावरला चाले.

ऐका आता. भांडारकर 1925 साली गेले. त्याच वर्षी विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. त्यांनी कामाची घडी बसवली, आदिपर्व पुरं केलं. 1943 च्या जानेवारीत तेही गेले. मग श्रीपाद कृष्ण बेलवलकर आले. 1948 साली औंध संस्थान भारतात विलीन झालं. 1951 साली बाळासाहेब महाराज गेले. बेलवलकरांच्या नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य आले. आणि 1966 साली 22 सप्टेंबरला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते ग्रंथाची पूर्तता झाली. अठरा पर्वं, एकोणीस खंड, सत्तेचाळीस वर्षं.

त्या दिवशी ज्यानं मागितलं तो राजा नव्हता. ज्यांनी नमन लिहिलं ते भांडारकर नव्हते. ज्यांनी घडी बसवली ते सुखटणकर नव्हते. ज्या संस्थानानं लाख रुपये देऊ केले, ते संस्थानच नव्हतं! ज्यांनी पेरलं त्यांनी रास बघितली नाही. ज्यांनी रास बघितली त्यांनी पेरणी बघितली नव्हती. सांगा, श्रेय कुणाचं? कुणा एकाच्या पदरात ते मावतच नाही. मोठं काम असं असतं, ते एका आयुष्यात बसत नाही. माणसं बदलत जातात आणि काम चालू राहतं. सत्तेचाळीस वर्षं वीणा खाली टेकली नाही, फक्त गळे बदलत गेले. ते चालू ठेवणारा जो कोण, त्याला आपण देव म्हणतो. आणि त्याला नमस्कार केला की या सगळ्यांना एकदम पोचतो, असलेल्यांना आणि नसलेल्यांना.

(विठोबा रखुमाई, विठोबा रखुमाई! गजर.)

आता माझी गोष्ट. काल्याला सगळ्यांनी आपली शिदोरी सोडायची असते. मी माझी आंबट शिदोरी सोडतो.

तीस वर्षं होत आली. माझं गाव माणदेशात. गावानं विठोबाचं देऊळ बांधायला काढलं. मी आळंदीला शिकून आलेला, कीर्तनं करणारा, म्हणून कमिटीचा अध्यक्ष मी. गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. दोन वर्षं पाच महिने काम चाललं. कळस चढायचा दिवस आला. दिंड्या आल्या, हजारभर पान उठलं. काल्याचं कीर्तन माझंच होतं. विषय काय घेतला असेल? कर्तेपण देवाचं! दोन तास बोललो. लोकांच्या डोळ्यांत पाणी. आणि माझ्या मागं भिंतीत नवी संगमरवरी पाटी, एक्केचाळीस नावं, सगळ्यात वर माझं. इतरांची काळ्या अक्षरात, माझं सोनेरी.

तिसऱ्या दिवशी आई जेवायला वाढताना म्हणाली, "गवंडीमामा दिसले नाहीत रे कळसाला." हातातला घास हातातच राहिला. बोलावलंच नव्हतं. मला वाटलं सेक्रेटरीनं सांगितलं असेल, त्याला वाटलं मी सांगितलं असेल. साधं घर बांधलं तरी वास्तुशांतीला गवंड्याला, सुताराला टोपी-उपरणं देतात. देवळाच्या गवंड्याला आम्ही विसरलो.

फेटा घेतला, नारळ घेतला, सायकल काढली आणि गेलो त्यांच्या गावी. मामा ओसरीवर बसले होते. मी मान खाली घालून म्हटलं, मामा, चुकलं. ते म्हणाले, "न्हाई बुवा, मी आलतो की." कधी? "कळसादिवशी फाटंचं. तुमी समदी निजला होता. दारात नारळ फोडला, आन् दुसऱ्या कामावर गेलो." मी विचारलं, नारळ कशाचा? तर म्हणाले, "दोन वर्सं परांची हुबी होती, पर एक माणूस खाली आलं न्हाई. शिखराचा दगड चढवताना एकदा दोर तुटला. खाली चुना कालवणारं पोरगं पानी प्यायला नुकतंच बाजूला झालं हुतं. आई यमाईनं राखलं. तेवढं तिला सांगितलं, आन् इठोबाला म्हटलं, तुजं घर झालं, संबाळ."

माय-बाप, दोर तुटला होता हे मला ठाऊकच नव्हतं. मी अध्यक्ष! एका आईचं लेकरू माझ्या देवळाखाली मरता मरता वाचलं, आणि मी दोन तास कर्तेपणावर बोललो, त्यात ते लेकरू नव्हतं. मी देवाचे आभार मानले ते ठोक मानले. मामांनी मोजून मानले. ज्याला काम ठाऊक असतं त्याला विघ्नं ठाऊक असतात, आणि विघ्नं ठाऊक असतात त्यालाच कळतं की कुठं कुठं कुणी हात दिला.

फेटा मामांनी घेतला. डोक्याला बांधला नाही, देव्हाऱ्यासमोर नेऊन ठेवला. पुढं ते होते तोवर दर वर्षी देवळाच्या वाढदिवसाचा पहिला नारळ त्यांच्या हातचा. आणि ती पाटी? माझं नाव काढायला मी पाथरवटाला बोलावलं. तो म्हणाला, बुवा, खोल कोरलंय, घासून जायचं नाही, पाटी फुटेल. पाटीवर बाकी चाळीस माणसांची नावं होती, म्हणून राहू दिलं. सोनेरी रंग उडाला, नाव अजून आहे. गावी गेलो की त्याच्यासमोर उभा राहतो. चांगलं औषध आहे.

म्हणून आज मंडळींना माझी विनंती आहे. सप्ता झाला, आनंद करा. टाळ वाजवा, फुगड्या घाला, गोड खा. कष्ट केलेल्या माणसानं आनंद केला नाही तर देवाला वाईट वाटतं. पण हंडी फुटायच्या आधी दोन गोष्टी करा. पहिली, मोजा. सात दिवसांत काय काय बिघडू शकलं असतं आणि बिघडलं नाही, त्याची मनात यादी करा. मंडप वाऱ्यानं उडाला नाही. विजेच्या तारेला कुणी चिकटलं नाही. आमटीच्या कढईपाशी पोरं खेळत होती, एकही भाजलं नाही. एवढं मोजलंत की "देवानं करून घेतलं" हे वाक्य आपोआप खरं होईल. दुसरी, आत्ता या मंडपात कोण नाही ते आठवा. खरकटं उचलणारी बाई आहे का इथं? लाऊडस्पीकरवाल्याचं जेवण झालंय का? म्हातारपणानं घराबाहेर न येणारा, पण चाळीस वर्षांपूर्वी हा सप्ता ज्यानं सुरू केला, त्याच्या घरी काला पोचणार आहे का? आधी तिकडं पाठवा, मग आपण घेऊ.

आता काला. गोपाळांनी गाई राखल्या, दमले, यमुनेच्या काठाला बसले. प्रत्येकाची शिदोरी वेगळी. कुणाचं दही, कुणाचं लोणचं, कुणाची शिळी भाकर. देवानं सगळं एकत्र कालवलं. एकदा कालवल्यावर माझं दही कुठलं, हे ओळखून दाखवा! तो काला मिळावा म्हणून स्वर्गातले देव मासे होऊन यमुनेत आले. गोपाळ हात धुतील, एखादं शीत तरी मिळेल. देव लबाड. म्हणाला, गड्यांनो, हात पाण्यात धुऊ नका, घोंगडीला पुसा.

स्वर्गात अमृत असताना देवांना शिळ्या भाकरीचा मोह का पडला? मला असं वाटतं, हे तेच देव. काडीपुढं हरलेला अग्नी, काडीपुढं हरलेला वारा, तोच इंद्र. स्वर्गात प्रत्येकाचा हविर्भाग वेगळा, प्रत्येकाचं नाव वेगळं घ्यायचं. हा माझा, तो तुझा. एकत्र कालवलेला घास त्यांनी कधी खाल्लाच नव्हता. तो फक्त राबून दमलेल्या गुराख्यांना मिळाला, आणि आज तुम्हाला मिळणार आहे.

चला, उठा. पोरांनो, जागे व्हा रे, हंडी बांधली आहे. आणि हंडी आज अध्यक्षांनी फोडायची नाही. दोन ते चारच्या पहाऱ्याला जे सगळ्यात लहान पोरगं उभं होतं, त्याला खांद्यावर घ्या.

आई यमाईचा उदो उदो! बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!